तास बुडवणारी शाळा

थायलंडच्या सरकारी माध्यमिक शाळेत एक सत्र कागदावर २० आठवड्यांचं असतं. पहिलं मे महिन्याच्या मध्यावर सुरू होतं, दुसरं १ नोव्हेंबरला. इथे इंग्रजी शिकवायला आल्यावर मी अगदी बीएडच्या शिस्तीने वहीत वीस चौकटी आखल्या आणि प्रत्येकीत काय शिकवायचं ते लिहून काढलं. जुलै संपेपर्यंत त्या वहीत खाडाखोडच जास्त झाली होती. गुरुवंदनेचा कार्यक्रम, आणि त्याच्या आदल्या दिवशी तयारी. स्काउटचं शिबिर. डेंग्यूची फवारणी. बौद्ध वर्षावासाच्या मेणबत्तीची मिरवणूक. वरून कुणी अधिकारी तपासणीला येणार म्हणून शाळाभर झाडलोट, तेही मुलांनीच करायची. प्रत्येक वेळी आदल्या रात्री शिक्षकांच्या ‘लाइन’ या मेसेजिंग अ‍ॅपवरच्या ग्रुपवर थाई भाषेत निरोप पडतो. मी तो भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये टाकते आणि अ‍ॅप कधी कधी मला सांगतं की उद्या अध्यापनाला उपवास आहे.

शाळा बुरीरम प्रांतात आहे, नांग रोंगच्या पुढे. ईसान म्हणतात त्या ईशान्य थायलंडचा हा दक्षिणेकडचा तुकडा. कंबोडियाची सीमा इथून लांब नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात, मध्ये मध्ये ऊस, आणि ज्याच्या कंदापासून साबुदाणा होतो तो कसावा. मी बीड जिल्ह्यातली, केजकडची. आयुष्यभर उपासाला साबुदाणा खाल्ला, पण त्याचं झाड मी पहिल्यांदा इथे पाहिलं.

आता नोकरीबद्दल, थोडक्यात, कारण हा विषय निघाला की माझा आवाज चढतो. इथल्या जाहिरातींमध्ये बहुतेक वेळा ‘नेटिव्ह स्पीकर’ हवा असतो, म्हणजे ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया असल्या देशांचा पासपोर्ट. बाकीच्यांनी टॉइकसारख्या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण दाखवायचे. इंग्रजीत एमए करून, आठ-दहा वर्षं तोच विषय शिकवून झाल्यावर मी संगणकासमोर हेडफोन लावून बसले आणि विमानतळावरच्या घोषणा ऐकून योग्य पर्यायावर टिचकी मारली. मग खुरुसफा, म्हणजे इथली शिक्षक परिषद, हिच्याकडून तात्पुरती सूट. मग व्हिसा, मग कामाचा परवाना, आणि दर ९० दिवसांनी मी अजून त्याच पत्त्यावर राहते हे इमिग्रेशनला कळवणं. पगार गोऱ्या शिक्षकापेक्षा कमी. माझ्याबरोबरच्या दोघी फिलिपिनो शिक्षिकांचंही तेच, आणि या देशातल्या कितीतरी शाळांचं इंग्रजी अशाच बायकांच्या खांद्यावर उभं आहे. आमच्या फाटकाबाहेरच्या मोठ्या फलकावर मात्र माझ्या आधीच्या गोऱ्या शिक्षकाचा हसरा फोटो आहे. तो कधीच सत्र अर्धवट टाकून निघून गेला. फोटो राहिला.

सकाळी आठला राष्ट्रगीत. ते देशभर त्याच वेळी वाजतं. बसस्थानकावर, बागेत, चालणारी माणसं जागीच थांबतात. शाळेच्या मैदानावर झेंडा वर जातो, मग बौद्ध प्रार्थना, मग मुख्याध्यापकांचं बोलणं. ऊन तोवर चांगलंच वर आलेलं असतं आणि मुलं जमिनीवर रांगांमध्ये बसून ऐकत असतात, किंवा ऐकल्यासारखी बसलेली असतात. सोमवारी कायमस्वरूपी शिक्षक खाकी सरकारी गणवेशात येतात. आम्ही परदेशी मंडळी पिवळ्या शर्टात, कारण सोमवारचा रंग पिवळा आणि राजांचा जन्मवार सोमवार. वारांना रंग असतात हे सांगताना माझ्या सहशिक्षिकेला वाटलं की मला हे नवीन असेल. नवरात्रात आमच्या स्टाफरूममध्ये रोजच्या रंगाच्या साडीवरून काय काय चालायचं ते मी तिला सांगितलं, तेव्हा ती इतकी हसली की बाजूच्या वर्गातून कुणीतरी डोकावलं.

वर्गाबाहेर चपला-बुटांची रांग. आत चाळीसच्या वर मुलं. वर्गप्रमुख ‘स्टँड अप प्लीज’ म्हणतो आणि सगळे एका सुरात ‘गुड मॉर्निंग, टी-चर’ म्हणतात. कसे आहात विचारलं की उत्तरही सुरातच येतं, ‘आय अ‍ॅम फाइन, थँक यू, अँड यू?’ ताप आलेलं मूलसुद्धा फाइन असतं. हजेरीपटावर संस्कृतातून आलेली लांबलचक भारदस्त नावं, आणि हाक मारायची ती आइस, बँक, फर्स्ट, गिफ्ट. त्यानंतर मी एखादा प्रश्न विचारते आणि वर्गात काहीच होत नाही. समजलं का? येस, टीचर. काय समजलं? सगळ्या माना खाली.

मराठवाड्यातल्या वर्गातही मुलं इंग्रजीला घाबरतात, ते मला माहीत होतं. पण तिथे घाबरणारं पोर निदान शेजाऱ्याला कोपर मारतं, काहीतरी चुकीचं बोलून सगळ्यांना हसवतं. इथे चुकीचं उत्तर देणं म्हणजे स्वतःची फजिती, आणि शिवाय शिक्षकाचीही, कारण त्याचा अर्थ शिक्षकाने नीट शिकवलं नाही. माझ्या पुढून जाताना कंबरेत वाकून जाणारी, माझ्या हातातलं पुस्तक धावत येऊन घेणारी ही मुलं ‘मला कळलं नाही’ हे वाक्य माझ्या तोंडावर बोलणं शक्य नाही. त्यात इंग्रजी ही त्यांची तिसरी भाषा. घरी कुणी ख्मेर, म्हणजे कंबोडियाची भाषा बोलतं, कुणी लाओला जवळची ईसान बोली, थाई शाळेतली. म्हणजे मी जेव्हा थाई शब्द वापरून एखादी गोष्ट सोपी करते, तेव्हा काही जणांसाठी ती फक्त एका परक्या भाषेतून दुसरीत गेलेली असते.

२०२५ च्या जुलैत सीमेवर थायलंड आणि कंबोडियाच्या सैन्यात चकमकी झाल्या, सीमेलगतच्या गावांतली माणसं हलवावी लागली, शाळा बंद पडल्या. तेव्हा माझ्या वर्गातली घरी ख्मेर बोलणारी मुलं नेहमीपेक्षाही गप्प होती. त्या दिवसांत बुडालेल्या तासांबद्दल मी कुरकुर केली नाही. पण एरवी केली. भरपूर केली. आणि ऐकून घ्यायला पी होत्या.

पी म्हणजे ताई. इंग्रजी विभागातल्या सगळ्यात ज्येष्ठ शिक्षिका, निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेली. त्यांना मी नुसतं पी म्हणते, त्या मला नाँग म्हणतात, धाकटी बहीण. कॅन्टीनमध्ये माझ्यासाठी मासळीची फोडणी नसलेलं काय आहे हे शोधण्याचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं आहे. ते सोपं नाही, कारण नामप्ला, माशाचं ते खारट पाणी, इथे मिठासारखंच सगळ्यात असतं. ऑक्टोबरच्या सुमारास चिनी शाकाहार पर्व येतं, दुकानांवर पिवळे झेंडे लागतात, आणि ते बहुधा आपल्या नवरात्राच्याच दिवसांत पडतं. त्या नऊ दिवसांत मी राणीसारखी जेवते.

‘तुला वाटतं शाळा म्हणजे तास,’ पी एकदा मला म्हणाल्या. वादात नाही, ताटातली काकडी माझ्या ताटात वाढता वाढता.

मला तसंच वाटत होतं. अजूनही अर्धं वाटतं.

गुरुवंदना, इथे ‘वाय ख्रू’ म्हणतात, जूनमधल्या एका गुरुवारी असते. गुरुवारच का, हे मला कुणी समजावून द्यावं लागलं नाही. आदल्या दुपारी प्रत्येक वर्गाने पाय असलेल्या तबकात फुलांची आरास करायची असते. मी माझ्या आठवीच्या वर्गात गेले तर जमिनीवर पसारा: वांग्याची फुलं, इक्झोराचे लाल गुच्छ, साळीच्या लाह्या, आणि जुड्या बांधून ठेवलेल्या दूर्वा. दूर्वाच. मी एक जुडी उचलून पानं मोजली, सवयीने. मुलांनी मला सांगितलं, म्हणजे एकीने हातवारे करून आणि दुसरीने फोनवर शब्द शोधून: वांग्याचं फूल खाली वाकलेलं असतं म्हणून नम्रता. दूर्वा कापल्या, तुडवल्या तरी पसरतात म्हणून चिकाटी. इक्झोराची कळी सुईसारखी टोकदार, तशी बुद्धी. लाह्या झाकलेल्या भांड्यात फुटतात, बाहेर उडत नाहीत, म्हणून शिस्त. ही सगळी माहिती ज्या मुलीने दिली तिने तोवर माझ्या तासाला तोंड उघडलं नव्हतं. तिने शब्द जुळवले, चुकवले, परत जुळवले, आणि मला कळलंय याची खात्री होईपर्यंत सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी मुलं गुडघ्यांवर सरकत येऊन तबकं देत होती, पालीतलं वंदन म्हणत होती, आणि दोन तास बुडाले होते.

गणपतीही आहे इथे. नृत्याच्या खोलीत कपाटावर, समोर लाल सरबताची बाटली. तो कलांचा देव. देशाच्या ललित कला विभागाच्या बोधचिन्हातसुद्धा तोच. त्याच्या पुढ्यात मोदक ठेवायची माझी इच्छा तांदळाच्या पिठावरून अडली नाही, नारळावरून तर नाहीच. माझ्या कळ्या पाडण्याच्या कौशल्यावरून अडली.

मग ऑगस्ट. १२ ऑगस्ट हा राणी सिरिकित यांचा जन्मदिवस, आणि तोच मातृदिन. शाळेत त्याच्या आदल्या कामाच्या दिवशी कार्यक्रम असतो. सभागृहात खुर्च्यांच्या रांगा, त्यांवर आया बसतात, मुलं समोर गुडघे टेकून मोगऱ्याची माळ देतात आणि पायांवर डोकं ठेवतात. मी फोटो काढायला उभी होते. खुर्च्या भरल्या तसं लक्षात आलं की त्यांवर आया फार थोड्या आहेत. आज्या आहेत. उन्हाने काळवंडलेल्या, ठेवणीतल्या रेशमी सरोंगमध्ये आलेल्या, काहींच्या तोंडात विडा. मुलांचे आईबाप बँकॉकला आहेत, चोनबुरीला, रायोंगला. कारखान्यांत, बांधकामांवर, हॉटेलांत. महिन्याला पैसे येतात, सोंगक्रानला, म्हणजे थाई नववर्षाला, माणसं येतात, एप्रिलमध्ये चार दिवस गाव भरतं आणि परत रिकामं होतं.

आमच्याकडे दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की गावं अशीच म्हाताऱ्यांवर उरतात. केजच्या शाळेत शिकवताना पटावर अर्धा वर्ग आणि बाकांवर पाव वर्ग असे महिने मी पाहिले आहेत. त्यामुळे मला धक्का बसला नाही. धक्का बसला तो पुढच्या गोष्टीचा. काही मुलांची आजीसुद्धा आलेली नव्हती. ती मुलं मागे भिंतीला टेकून फोनमध्ये बघत असल्याचं दाखवत होती. पी मंचाजवळून उठल्या आणि एका रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसल्या. मग ग्रंथपालबाई, मग कॅन्टीनमधली नूडल्सवाली, ओल्या हातांनिशी. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. मागची मुलं एकेक करून पुढे आली. हा कार्यक्रम बंद करावा, ज्यांना आई नाही किंवा जवळ नाही त्यांना तो टोचतो, असं म्हणणारे थायलंडमध्येही आहेत, आणि मला ते पटतं. ती मुलं भिंतीला टेकली होती तेवढा वेळ मला तो कार्यक्रम क्रूरच वाटत होता. पण नूडल्सवालीही मी पाहिली.

पावसाळा संपला की क्रीडासप्ताह. इथे त्याला कीला सी म्हणतात. शाळा रंगांमध्ये वाटली जाते, आणि खेळ हा त्यातला सगळ्यात बिनमहत्त्वाचा भाग असतो. महत्त्वाची ती संचलनाची मिरवणूक, ढोलपथक, आणि घोषणा-गाण्यांसाठी उभारलेला प्रेक्षकांचा मचाण. हे सगळं अकरावी-बारावीची मुलं चालवतात. शिक्षक फक्त सही करतात. तीन आठवडे शेवटचे तास होत नाहीत, मग दुपारचे होत नाहीत, मग काहीच होत नाही.

आमच्या जांभळ्या पथकाचा ढोल एका बारावीतल्या मुलाकडे होता. माझ्या तासाला तो शेवटच्या बाकावर, डोकं हातांवर. पहिल्या सत्रात त्याला इंग्रजीत शून्य. इथे श्रेणी ० ते ४ असते; शून्य पडलं तर मुलाला त्याच वर्गात ठेवत नाहीत, त्याने ते ‘दुरुस्त’ करून घ्यायचं असतं, म्हणजे शिक्षकाने काहीतरी काम द्यायचं आणि शून्याचा एक करायचा. या मुलाने ते दुरुस्त करायलाही फिरकायचं नाव घेतलं नव्हतं. तो मैदानावर वीस पोरांना ढोल शिकवताना मी पाहिला. त्यातली काही सातवीची, काठी धरता न येणारी. तो ओरडत नव्हता. चुकलेल्या मुलाजवळ जाऊन शेजारी उभा राहायचा आणि स्वतःच्या मांडीवर ताल धरायचा, पोराला जमेपर्यंत. ध्वनिक्षेपकाच्या गाडीवाल्याशी त्याने भाड्याची घासाघीस केली ती मी जवळून ऐकली. आकडे सोडून काही कळलं नाही, पण आकडे खाली येत गेले. मिरवणुकीच्या दिवशी मुली पहाटे चारपासून रंगरंगोटीला बसलेल्या. उन्हात एखादी चक्कर येऊन पडणार हे त्याने आधीच धरलं होतं, आणि पडली तेव्हा क्षारपाण्याची पाकिटं त्याच्या खिशातून निघाली. मला त्याने हाताला धरून बाजूला केलं आणि म्हणाला, ‘टीचर, हिअर नो. ड्रम कम. यू, देअर.’ व्याकरणाच्या दृष्टीने भयंकर. पण मी अजिबात न गोंधळता तिथे जाऊन उभी राहिले.

त्याच सत्रात आम्ही आठवीच्या मुलांना फनोम रुंगला नेलं. विझलेल्या ज्वालामुखीच्या माथ्यावरचं दहाव्या ते तेराव्या शतकांतलं ख्मेर शिवमंदिर. वर्षातून ठरावीक दिवशी उगवता सूर्य त्याच्या एका रेषेतल्या १५ दारांमधून आरपार दिसतो. आत नंदी बसलेला आहे. दारावरच्या पट्टीवर शेषशायी विष्णू, नाभीतून निघालेल्या कमळावर ब्रह्मदेव. ही कोरीव पट्टी चोरीला गेली होती, पुढे शिकागोच्या कलासंग्रहालयात सापडली, आणि लोकांनी लावून धरल्यावर १९८८ मध्ये परत आली. मला वाटलं होतं की आज बोलणारी मी असेन. विष्णू कोण, ब्रह्मदेव कमळावर कसा, हे माझं घरचं. पण आमच्या दोन मुलींनी गावच्या ‘छोट्या वाटाड्यां’चं प्रशिक्षण घेतलेलं निघालं. त्यांनी पट्टीखाली उभं राहून इंग्रजीत सगळं सांगितलं, पाठ केलेलं, एका दमात, आणि ‘शिकागो’ म्हणताना दोघींच्या आवाजात जो राग आला तो पाठ केलेला नव्हता.

हे सगळं पाहून पींचं म्हणणं मला पूर्ण पटलं असतं तर बरं झालं असतं. पण मी आकडेही पाहिले. २०२२ च्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत थायलंडच्या पंधरा वर्षांच्या मुलांना गणितात ३९४ गुण पडले, वाचनात ३७९. विकसित देशांची गणिताची सरासरी ४७२ होती. वाचन म्हणजे इंग्रजी नव्हे, थाईच. हे काही फक्त मिरवणुकांमुळे होत नाही, एवढं मलाही कळतं. तरी बुडालेला तास सगळ्यांचा सारखा बुडत नाही. नांग रोंगमधल्या व्यापाऱ्याचं मूल शनिवारी शिकवणीला जातं आणि तो तास भरून काढतं. ज्याच्या घरी आजी आहे, आणि आजीला सही करताना अंगठ्याकडे बघावं लागतं, त्याचा तास बुडाला तो बुडालाच. मिरवणुकीत हे मूल कुणीतरी असतं, आणि नोकरीच्या अर्जात मिरवणुकीसाठी रकाना नसतो. हे मी पींना म्हटलं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, ‘रकाना नाही, हे खरं.’ आणि त्यांच्यापुढच्या गठ्ठ्यात शिरल्या. इथल्या शिक्षकांना कागदपत्रं इतकी असतात की वाद लांबवायला वेळ मिळत नाही.

फेब्रुवारीत ढोलवाला आला. वर्ष संपत आलेलं, शून्य दुरुस्त केल्याशिवाय बारावीचा दाखला नाही. दाराशी वाकून वाय, म्हणजे हात जोडून नमस्कार, केला, आणि नेहमीच्या पद्धतीने शब्दांची यादी शंभर वेळा लिहून आणू का असं विचारलं. मी म्हटलं, नको. नव्या मुलाला ढोल कसा शिकवायचा ते इंग्रजीत लिहून आण आणि मला शिकवून दाखव. दोन दिवसांनी तो एका कागदावर अकरा वाक्यं आणि काखेत ढोल घेऊन आला. त्यातली चार वाक्यं बरोबर होती, तीन भाषांतराच्या अ‍ॅपने रचलेली, उरलेल्यांमध्ये क्रियापदंच नव्हती. मला ताल धरायला त्याने अर्धा तास घेतला. मी वाईट विद्यार्थिनी आहे. तो शेजारी उभा राहिला आणि मांडीवर वाजवत राहिला.

‘पॉ फॉ हा’ नावाची श्रेणींची जी नोंदवही असते, तिच्यात मी एक लिहिला. इंग्रजीसाठी एक हा आकडा योग्य होता का, हे मला आजही सांगता येणार नाही; पींनी शेजारी सही केली आणि चहा मागवला. तो आता रायोंगला असतो, वडिलांच्याच कारखान्यात. जांभळ्या पथकाचा ढोल त्याच्या धाकट्या बहिणीकडे आला आहे. ती दहावीत आहे, भावापेक्षा जोरात वाजवते, आणि पहिल्या सत्रात तिलाही इंग्रजीत शून्य आहे.